तत्त्वज्ञानाचा सातबारा कुणाच्या नावावर?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यातून एकवीस वर्षांच्या मुलीनं लिहिलं आहे. तालुक्याच्या कॉलेजात ती बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. विषय तत्त्वज्ञान, मराठी, राज्यशास्त्र. घरी साडेचार एकर कोरडवाहू शेती, कपाशी आणि सोयाबीनची. तिला तत्त्वज्ञानात एम.ए. करायचं आहे. वडील म्हणतात, "एम.ए. करून काय करशीन माय? पोट भरते काय त्यानं?" मामा स्थळं आणतो आहे. वर्गात अडतीसपैकी एकोणतीस मुली आहेत, तरी शिकवणारे सर भर तासाला म्हणाले की मुलींनी नीतिशास्त्र घ्यावं, तर्कशास्त्र त्यांना झेपत नाही. बायकांना म्हणे माणसांच्या गोष्टींत रस असतो, तत्त्वात नाही. हिनं घरी येऊन अभ्यासक्रमातली नावं मोजली. त्यात एकही बाई नव्हती. पुढे ती लिहिते: "ईश्वर आहे का, यापेक्षा मला मोठ्या आईचा, म्हणजे मोठ्या काकूचा, प्रश्न जास्त छळतो. मोठ्या बाबांनी चार वर्षांपूर्वी जीव दिला. शेत आजोबांच्या नावावर, म्हणून सरकारी मदतीचं प्रकरण अपात्र ठरलं. चौकशीला आलेल्या माणसानं सगळं काकांना विचारलं, मोठ्या आईला काहीच नाही. लग्न झाल्यापासून तीच शेत करते, पण कागदावर ती 'घरकाम' आहे. मग शेतकरी कोण? हे तत्त्वज्ञान नाही, एवढं मला कळतं. म्हणूनच वाटतं, सर खरं बोलतात का? आणि मी एम.ए. करू की नको?"

प्रिय पोरी,

तुझं पत्र चार पानी आहे, पण मी अडकले ते एकाच वाक्यावर. 'हे तत्त्वज्ञान नाही, एवढं मला कळतं.' हे तुला कुणी सांगितलं? सरांनी सांगितलं असेल तर ते चुकले. तुझं तूच ठरवलं असशील तर तू त्यांच्याहून जास्त चुकलीस, कारण प्रश्न तुझ्या ओटीत पडला होता आणि तू तो झटकून टाकलास.

बघ जरा त्या प्रश्नाकडे. सातबारावर नाव असलं की माणूस शेतकरी होतो का? मग पुण्यात नोकरी करून गावची जमीन मक्त्यानं देणारा शेतकरी ठरतो, आणि ती मक्त्यानं करणारा ठरत नाही. बरं, राबणं ही अट धरू. मग रोजानं निंदायला जाणारी बाई शेतकरी की मजूर? राबणं पाहिजे आणि पिकाचा तोटाही स्वतःच्या अंगावर घेतलेला पाहिजे, असं म्हणून पाहू. या दोन्ही अटींत तुझी मोठी आई चपखल बसते, फक्त कागद तिला बसवून घेत नाही. तर्कशास्त्राच्या तासाला 'आवश्यक अट' (जिच्याशिवाय भागत नाही) आणि 'पर्याप्त अट' (जी असली की पुरते) शिकवतात, त्या याच. सॉक्रेटिस अथेन्सच्या बाजारात लोकांना धरून धैर्य म्हणजे काय, न्याय म्हणजे काय असं विचारायचा आणि आलेल्या उत्तरातलं छिद्र दाखवायचा. तू ते धुऱ्यावर बसून करते आहेस. आणि त्याचा निकाल कुणाच्या तरी एक लाख रुपयांच्या मदतीवर लागतो, हे त्या प्रश्नाचं जास्तीचं वजन आहे. त्यानं प्रश्न हलका होत नाही.

दुसरी गोष्ट तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस: चौकशीवाल्यानं काकांना विचारलं, मोठ्या आईला नाही. ज्या बाईनं बियाणं उधार आणलं, सोयाबीनचा चुकारा मोजून घेतला, सावकाराच्या दारात उभी राहिली, तिला ठाऊक असलेलं 'माहिती' म्हणून मोजलंच गेलं नाही. मिरांडा फ्रिकर या इंग्लंडमधल्या तत्त्वज्ञ बाईंनी २००७ साली याच गोष्टीवर अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की अन्याय फक्त पैशाचा किंवा मारहाणीचा नसतो. माणसाला 'जाणणारा' म्हणून कमी लेखणं हाही अन्याय आहे. कोण बोलतंय हे पाहून त्याचं बोलणं कमी खरं धरणं, हा त्याचा एक प्रकार. दुसरा प्रकार जास्त खोल आहे: जे भोगलं त्याला भाषेत शब्दच नसणं. तुझ्या मोठ्या आईच्या वाट्याला दोन्ही आले. जगभरच्या विद्यापीठांत आज या विषयावर पीएच.डी. होतात, आणि तू मला लिहितेस की हे तत्त्वज्ञान नाही!

आता तुझ्या सरांकडे वळू. मी स्वतः एका तालुक्याच्या गावी तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्यांच्यावर नुसतं रागावून मला भागणार नाही. एका वर्षी मी हजेरीपटाच्या मागच्या पानावर रेघा ओढायला लागले, आपण प्रश्न कुणाला विचारतो ते बघायला. वर्ग मुलींनी भरलेला. आठवड्याच्या शेवटी पाहिलं तर निम्म्याहून जास्त प्रश्न मी मागच्या दोन बाकांवरच्या सात-आठ पोट्ट्यांना विचारले होते. का? ते आवाज करतात, लक्ष वेधून घेतात. आणि मुलींना उभं केलं की त्या लाजतात, म्हणून मी 'दयेनं' सोडून देत होते. माझ्या त्या दयेनं किती मुलींना वाटलं असेल की त्यांच्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही, ते आता मोजता येणार नाही. त्यामुळे सरांचं वाक्य दुष्टपणाचं आहे असं मी म्हणत नाही. ते आळसाचं आहे. डोळ्यांसमोर जे दिसलं, तोच स्वभाव असं त्यांनी धरून टाकलं.

पण तुझं मोजणंही तपासू या. एकोणतीस मुली वर्गात आहेत म्हणजे मुलींना तत्त्वज्ञानात रस आहे, हेही सिद्ध होत नाही. आपल्याकडे मुलगा पॉलिटेक्निकला जातो किंवा पुण्याच्या कंपनीत लागतो, आणि मुलीला जवळच्या कॉलेजात बी.ए.ला घालतात, कारण फी कमी आणि एसटी सहाच्या आत घरी आणते. २०२१-२२ च्या सरकारी पाहणीत देशातल्या उच्च शिक्षणात नोंदणीचं प्रमाण मुलींचं २८.५ टक्के आणि मुलांचं २८.३ टक्के होतं. म्हणजे आत यायचं दार आता बंद नाही. अडचण बाकावर बसण्यात उरलेली नाही, फळ्यापाशी उभं राहण्यात आहे.

परदेशातही सगळं आबादीआबाद आहे असं समजू नको. अमेरिकेत तत्त्वज्ञान हा मानव्य विषयांतला बायका सर्वांत कमी असलेल्या विषयांपैकी एक आहे. तिथल्या अभ्यासकांनी गळती कुठे होते ते शोधलं, तर सर्वांत मोठी गळती पहिल्या ओळखीच्या वर्गानंतर आणि विषय मुख्य म्हणून निवडण्याच्या आधी होते असं निघालं. म्हणजे मुली येतात, बघतात आणि परत फिरतात. मग कुणी म्हणालं, बायकांची 'अंतःप्रेरणाच' वेगळी, तत्त्वज्ञानातल्या कूटप्रश्नांना त्या वेगळी उत्तरं देतात. इतरांनी तेच प्रयोग पुन्हा केले तेव्हा ते फरक बहुतेक टिकले नाहीत. टिकलं ते वेगळंच. २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. तीस विषयांतल्या प्राध्यापक-संशोधकांना विचारलं होतं, की तुमच्या विषयात पुढे जायला जन्मजात प्रतिभा लागते की मेहनत? ज्या विषयांतले लोक 'जन्मजात प्रतिभा' म्हणाले, त्या विषयांत बायका कमी निघाल्या. आणि मानव्य विषयांत प्रतिभेचं हे वेड सर्वांत जास्त तत्त्वज्ञानात होतं. तुझ्या सरांचं 'झेपत नाही' याच जातीचं आहे. 'डोकं' ही वस्तू कुणाकडे उपजत असते आणि कुणाकडे नसते, असं मानणारा वर्ग मुलींना आपोआप बाहेर ढकलतो. 'निघा' असं कुणी म्हणावं लागत नाही.

बाकी 'तर्क मुलींना झेपत नाही' याचं उत्तर दोन नावांत संपतं. सुझन स्टेबिंग यांनी १९३० साली तर्कशास्त्राचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि १९३३ साली त्या ब्रिटनमधल्या तत्त्वज्ञानाच्या पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. रूथ बार्कन यांनी १९४६ साली शक्यता आणि अनिवार्यता यांच्या तर्कशास्त्रात जे सूत्र मांडलं, ते आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं. आणि नीतिशास्त्र सोपं, म्हणून मुलींना द्यावं, असं वाटणाऱ्यानं फिलिपा फूट यांचा १९६७ चा प्रश्न सोडवून दाखवावा: ब्रेक निकामी झालेली ट्रॉली पाच माणसांवर चालली आहे, रूळ बदलला तर एकच मरेल, बदलायचा का? आणि बदलायचा असेल, तर पाच रोगी वाचवायला एका धडधाकट माणसाचे अवयव काढून घ्यायला हरकत का? साठ वर्षं होत आली, लोक अजून भांडताहेत.

मला मात्र या नावांपेक्षा आपल्या मातीतलं एक कोडं जास्त खुणावतं. गार्गीचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे महिला दिनाचं भाषण होत नाही, पण गार्गीनं विचारलं काय ते कुणी सांगत नाही. बृहदारण्यक उपनिषदात ती याज्ञवल्क्य ऋषीला विचारते: हे सगळं जर पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात ओतप्रोत आहे? ओत आणि प्रोत म्हणजे मागावरचे आडवे-उभे धागे. कापसाच्या मुलखातली तू, तुला हे समजावून सांगायला नको. ती एकेक पदर उकलत जाते, शेवटी याज्ञवल्क्य म्हणतो, अति विचारू नकोस, डोकं गळून पडेल. ती गप्प बसते. इथपर्यंतची गोष्ट सगळे सांगतात. पण दोन ब्राह्मणं (म्हणजे उपनिषदातली प्रकरणं) पुढे गेलं की ती पुन्हा उठते, धनुष्याला दोर चढवून दोन बाण घेऊन आलेल्या वीरासारखे माझे दोन प्रश्न आहेत म्हणते, ते विचारते, आणि मग भरल्या सभेला सांगते की याला तुमच्यातला कुणी हरवू शकणार नाही. निकाल तिनं दिला! तरी आपल्या आठवणीत ती 'विदुषी' म्हणून राहिली, याज्ञवल्क्य 'तत्त्वज्ञ' म्हणून.

तुझ्याच जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं उदाहरण घे. तिथे आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहतंय. तेराव्या शतकात तिथे महदाइसा वावरली. 'लीळाचरित्र' उघडलंस तर ती चक्रधरांना सारखं काहीतरी विचारताना दिसेल. तिच्या या विचारण्याचं चक्रधरांना कौतुकही होतं. पण शाळेच्या पुस्तकात ती कोण? मराठीची आद्य कवयित्री. धवळे लक्षात राहिले, प्रश्न राहिले नाहीत. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे बघ. १८८२ साली त्यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' छापलं. पातिव्रत्य फक्त बाईलाच का, शास्त्र लिहिणारा कोण, दोष ठरवायची कसोटी दोघांना एकच का नाही? हा सरळ युक्तिवाद आहे, एकेक आधार काढून घेत जाणारा. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली, नंतर पुस्तक विसरलं गेलं, ते १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी पुन्हा उजेडात आणलं. आज ते स्त्रीवादी साहित्याच्या कपाटात असतं, तत्त्वज्ञानाच्या नाही.

म्हणून तुझ्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे: बाई विचार करते, पण तिनं केला की विचाराचं कपाट बदलतं. तो भक्ती होतो, कविता होतो, समाजकार्य होतो. मग कोणी तत्त्वज्ञानाचं कपाट उघडून म्हणतो, यात बायका नाहीतच. तुझ्या मोठ्या आईचं 'घरकाम' आणि हे यांत मला तरी फार फरक दिसत नाही. वहीत दुसऱ्याच नावाचा फेरफार आहे.

आणि हे फक्त बाईपणाचं नाही. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ साली लिहिलं की आपल्या समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे 'सैद्धांतिक ब्राह्मण' आणि माहिती गोळा करणारे 'आनुभविक शूद्र' अशी विभागणी आहे. खेड्यातल्या मुलीला लोक फार तर म्हणतील: वा, तुझ्याकडे काय अनुभव आहे, तो सांग, सिद्धांत आम्ही बसवतो. तू अनुभव दे, पण सिद्धांतही स्वतः बसव. कुमुद पावडे नागपूरच्या दलित वस्तीतून संस्कृत शिकल्या. तो विषय 'त्यांचा नाही' असं त्यांना पदोपदी ऐकावं लागलं. त्या एम.ए. झाल्या, पुढे अमरावतीला संस्कृत शिकवलं, आणि नोकरीचं दार कसं लग्नानंतरच्या आडनावानं उघडलं हेही त्यांनी लिहून ठेवलं. 'अंतःस्फोट' मिळवून वाच. माझ्या उपदेशापेक्षा त्यातून जास्त बळ मिळेल.

आता तुला न आवडणारा भाग. तुझ्या पत्रात सरांचं ते वाक्य तीन वेळा आलं आहे. एम.ए. सरांना खोटं पाडायला करत असशील तर करू नको. दोन वर्षं फार लांब असतात आणि सर तर पुढच्या जूनमध्ये तुझं नावही विसरतील. समस्त स्त्रीजातीच्या वतीनं परीक्षा देते आहेस असंही समजू नको. तू नापास झालीस तर बायका नापास होत नाहीत. स्वतःला एकच विचार: परीक्षा नसती, कुणी बघत नसतं, तरी कान्टची चार पानं समजेपर्यंत मी पुन्हा पुन्हा वाचली असती का? मोठ्या आईचा प्रश्न घेऊन दोन वर्षं बसायची माझी तयारी आहे का? उत्तर 'हो' असेल तर पुढचं वाच. 'नाही' असेल तर तो प्रश्न घेऊन वकील हो, तलाठी हो, पत्रकार हो. प्रश्न वाया जाणार नाही.

पैशाचं खरं सांगते. कॉलेजांत तत्त्वज्ञानाच्या जागा फार थोड्या भरतात. प्राध्यापक निवृत्त झाले की जागा बरीच वर्षं रिकामी राहते आणि तिथे तासिका तत्त्वावर एखादी पोरगी उभी असते, तासावर पैसे, तेही उशिरा. हे वडिलांना ठाऊक आहे म्हणूनच ते 'पोट भरते काय' म्हणतात. तो प्रश्न तुझ्या विरोधात नाही. तोही एक चांगला प्रश्न आहे, आणि त्याला भाषणानं नाही, हिशेबानं उत्तर द्यायचं. कागद घे. अमरावती-नागपूरचं विद्यापीठ किंवा एम.ए. असलेलं जवळचं कॉलेज, तिथली फी, वसतिगृह मिळालं तर किती, रोज येजा केली तर किती. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, तेही लिही. नेट, म्हणजे प्राध्यापकीसाठीची देशपातळीवरची पात्रता परीक्षा, वर्षातून दोनदा होते आणि एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला असतानाही देता येते. त्यात जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, मिळाली तर संशोधनासाठी महिन्याला ३७ हजार रुपये मिळतात. वयाची अट तीसची असली तरी बायकांना पाच वर्षांची सवलत आहे. पीएच.डी.साठी सारथी, बार्टी आणि महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही अधिछात्रवृत्त्या आहेत. तुझ्या प्रवर्गाला कोणती लागू ते बघ. महाज्योतीचं तर मुख्यालयच नागपुरात आहे. आणि राज्यातल्या प्राध्यापकीसाठी सेट ही पात्रता परीक्षा.

मग वडिलांसमोर असं मांड: "बाबा, दोन वर्षं एम.ए., त्यात आणि त्यानंतर मिळून नेटचे चार प्रयत्न. नाही जमलं तर बी.एड." बी.एड.ला शाळेत शिकवला जाणारा विषय लागतो आणि तुझ्याकडे मराठी आहे, म्हणून मराठीवरची पकड सोडू नको. स्पर्धा परीक्षेचं बोलणं निघालं तर सांग की यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत तत्त्वज्ञान हा वैकल्पिक विषय घेता येतो, उत्तरं मराठीत लिहिता येतात आणि २०१३ पासून नीतिशास्त्राची अडीचशे गुणांची वेगळी प्रश्नपत्रिका असते. पण हे सांगताना 'मी कलेक्टर होईन' असं कबूल करू नको. खोटी हमी देऊन मिळवलेली परवानगी दुसऱ्या वर्षी परत मागितली जाते. मामाच्या स्थळांचंही तसंच. 'एम.ए. होऊ द्या, मग म्हणाल तिथे' हे वाक्य फार मुलींना महागात पडलेलं मी पाहिलं आहे. 'एम.ए.पर्यंत स्थळ नको, नंतरचं नंतर बोलू' एवढंच म्हण.

आईला यात कमी लेखू नको. पत्राच्या शेवटी तू सहज लिहिलंस की कापूस वेचताना आई म्हणाली, "तू काय शिकतं, थे मले बी सांगत जा नं." हे तू लिहिलंस आणि पुढे काही म्हणाली नाहीस. या घरात तुला भेटलेली पहिली विद्यार्थिनी आहे ती.

अभ्यासाचं थोडं. गाईड बाजूला ठेव. रोज मूळ लेखनाची दोन पानं पुरेत. नेट मराठीत देता येत नाही, हिंदी किंवा इंग्रजीत असते, म्हणून आजपासून एक वही कर: एका बाजूला इंग्रजी संज्ञा देवनागरीत, दुसऱ्या बाजूला मराठी, खाली तुझ्या शेतातलं उदाहरण. मराठी विश्वकोशातल्या तत्त्वज्ञानाच्या नोंदी इंटरनेटवर फुकट आहेत. अमरावतीचे तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक दि. य. देशपांडे यांनी १९९० साली नागपुरातून काढलेल्या 'आजचा सुधारक' मासिकाचे जुने अंक शोध. त्यात त्यांच्या पत्नी मनू गंगाधर नातू यांनी ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलच्या विवाह आणि नीती यांवरच्या पुस्तकाचं केलेलं भाषांतर क्रमशः येत होतं. रसेल मराठीत आणायला इथल्या कुणाला पुण्या-मुंबईची परवानगी लागली नाही. आणि एखाद्या रविवारी वर्गातल्या तिघी-चौघींना घेऊन बस. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी 'म्हणजे काय?' एवढंच विचारायचं. मेरी मिजली या ब्रिटिश तत्त्वज्ञ बाई सांगायच्या की युद्धाच्या काळात ऑक्सफर्डमधले पुरुष लढाईवर गेले तेव्हा त्यांना आणि त्यांच्या मैत्रिणींना नीट ऐकून घेतलं गेलं, कारण वर्गात एकमेकांना हरवायची चढाओढ नव्हती. त्या मैत्रिणींत ट्रॉलीवाल्या फूटही होत्या. मिजलीबाईंचं स्वतःचं पहिलं पुस्तक वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी आलं, तीन मुलं वाढवून झाल्यावर. तू एकवीस वर्षांची आहेस, घाई कसली?

वर्ध्याकडे जाणं झालं तर पवनारला धाम नदीकाठी विनोबांनी १९५९ साली सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर पाहून ये. बायकांनी एकत्र राहून शेती करावी, विचार करावा, निर्णय सर्वांच्या संमतीनं घ्यावेत, असा तो प्रयोग. बाईनं शंकराचार्यांच्या तोडीची ज्ञानी व्हावं असं विनोबांना वाटे. मला त्या जागेबद्दल आदर आहे आणि एक कुरबूरही: विचार करायची किंमत म्हणून बाईनं संसार सोडावा लागावा का? याज्ञवल्क्याला तर दोन बायका होत्या.

सरांचं काय करायचं, हे तू विचारलं नाहीस, पण विचारणार होतीस हे ओळींमधून दिसतं. अंतर्गत गुण त्यांच्या हातात आहेत, म्हणून भांडू नको. पण गप्पही बसू नको. पुढच्या तासाला एक प्रश्न लेखी दे, आवाज चढवण्यापेक्षा कागद बरा: "सर, 'मुलींना तर्क झेपत नाही' या विधानाचा आधार निरीक्षण आहे की व्याख्या? निरीक्षण असेल तर किती मुलींचं? विरुद्ध उदाहरण सापडलं तर आपण विधान मागे घ्याल का?" तर्कशास्त्राच्या शिक्षकाला याचा राग आला तर तो त्याचा प्रश्न. कदाचित त्यांना आवडेलही. माणसं आपल्याला वाटतात तितकी ठरीव नसतात. बोलणं टोमण्यांपलीकडे गेलं, अंगचटीला आलं, तर मात्र प्रश्न विचारत बसू नको. प्रत्येक कॉलेजात अंतर्गत तक्रार समिती असावीच लागते, तिच्याकडे लेखी जा.

हे वाचणाऱ्या शिक्षकांना एकच विनंती: आठवडाभर हजेरीपटाच्या मागे रेघा ओढून बघा.

तुला बी.ए.च्या प्रकल्पासाठी विषय हवा होता आणि तू 'ईश्वराच्या अस्तित्वाचे पुरावे' घेणार होतीस, कारण तो गाईडात आहे. तो सोड. 'शेतकरी कोण? एका व्याख्येची चिकित्सा' असा घे. सुरुवातीला सरकारी निकष जसेच्या तसे लिही, मग एकेक अट काढून बघ कोण आत येतं आणि कोण बाहेर पडतं. पहिला कच्चा खर्डा सरांना दाखवायच्या आधी मोठ्या आईला वाचून दाखव, पुस्तकी भाषा बाजूला ठेवून, घरच्या बोलीत. कुठे चुकलं ते तिला विचार आणि ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत, तिच्या नावापुढे लिहून घे. नाव छापायचं की नाही, तेही तिलाच विचार.

तुझी,
ताई

(ता. क. विद्यापीठाच्या एम.ए. प्रवेशाची तारीख निकालानंतर फार थोडे दिवस उघडी असते. गावात इंटरनेट चालत नसेल तर तालुक्याच्या सेतू केंद्रात आधीच विचारून ठेव. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमी लेअर लागत असेल तर तेही आत्ताच काढून घे, पेरणीच्या दिवसांत वडिलांना तहसीलला खेपा घालायला लावू नको.)